लंगोटावरचा रंग आणि साठ दिवस: तान्ह्या बाळांच्या पित्तनलिका बुजण्याची पार्श्वभूमी

तान्ह्या बाळाला कावीळ झाली की कोल्हापूरकडे आजही त्याला कोवळ्या उन्हात धरतात. नेहमीची कावीळ बहुतेक वेळा दोन आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय उन्हाला जातं. पण बिलिअरी अट्रेसिया या आजारात यकृताबाहेरच्या पित्तनलिका बुजत जातात. पित्त आतड्यात न उतरता यकृतातच साचतं, आणि काही आठवड्यांत यकृत निबर होऊ लागतं. तिथे उन्हाचा काही उपयोग नाही, नुसते दिवस जातात.

एडिंबरोच्या जॉन थॉमसन यांनी १८९२ च्या सुमारास अशा बाळांच्या नोंदी एकत्र केल्या. १९१६ मध्ये होम्स यांनी त्यांचे दोन गट पाडले: जोडता येईल अशी नलिका उरलेली बाळं, आणि काहीच न उरलेली. बॉस्टनच्या विल्यम लॅड यांना १९२८ मध्ये पहिल्या गटात यश आलं. दुसरा गट कितीतरी मोठा होता. तिथे पोट उघडून पाहायचं आणि पुन्हा शिवायचं, एवढंच हाती होतं.

ही कोंडी १९५५ मध्ये जपानमधल्या सेंदाई इथे मोरिओ कासाई यांनी फोडली. यकृताच्या मुखाशी बुजलेल्या नलिकांचा जो चिवट तंतुमय भाग असतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नलिका उघड्या असू शकतात. तो भाग कापून तिथेच लहान आतड्याचा सुमारे ४० सेंमीचा वेढा आणून जोडला, की पित्त झिरपू लागतं. या बारीक नलिकाही बुजत जातात, म्हणून बाळ ६० दिवसांचं होण्याच्या आत शस्त्रक्रिया व्हावी असा आग्रह असतो. नंतर आतड्यातले जंतू वर चढू शकतात. अशा बाळाला ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

१९६३ मध्ये डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी माणसातलं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं, तेही याच आजाराच्या तीन वर्षांच्या मुलावर. मूल टेबलावरच दगावलं. भारतात लहान मुलातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं, आणि त्या बाळालाही हाच आजार होता.

निदान लवकर व्हावं म्हणून तैवानने २००४ पासून देशभर आयांच्या हाती शीच्या रंगांचं कार्ड दिलं. आपल्याकडे हे काम लंगोट धुणारी आजी करू शकते, कारण बाळंतीण बहुधा माहेरी असते. शी पहिले काही दिवस पिवळी असून नंतर फिकी पडू शकते, म्हणून रोज पाहावी. खडूसारखी किंवा शाडूसारखी शी आणि लंगोटावर गडद पिवळा डाग पाडणारी लघवी या दोन खुणा. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. १४ व्या दिवसानंतर कावीळ दिसली तर त्यांना लंगोट दाखवावा.

रक्तात एकूण बिलिरुबिनबरोबर (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) त्यातलं डायरेक्टही, म्हणजे यकृताने प्रक्रिया केलेलं, मोजायला सांगावं. ते डायरेक्ट दर डेसिलिटरला १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाळ लगेच मोठ्या केंद्राकडे जायला हवं. पित्त नाही म्हणून रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. चंदगडसारख्या लांबच्या तालुक्यातून निघताना ते इंजेक्शन द्यायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचारावं.