पहिला नंबर कुणाचा? रॉक अल्बमच्या याद्यांमागची गोष्ट

बडोद्यात दांडिया बाजारात शेव-उसळ खाता खाता रॉकवाल्यांचा वाद पेटला, की गाडी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडवर येणारच. त्यांचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा १९७३चा अल्बम ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन मासिकाच्या सर्वोत्तम अल्बमांच्या २००३च्या यादीत ४३वा होता, २०२०च्या यादीत ५५वा. “मग वरच्या चोपन्नांनी काय दिवे लावलेत?” हा सवाल ठरलेला.

या भांडणाचं मूळ एलपीत, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीत आहे. कोलंबिया कंपनीने १९४८मध्ये ती आणली, तेव्हा एका बाजूला वीसेक मिनिटं मावू लागली. साठच्या दशकात बीटल्स, बीच बॉइज यांनी अख्खी तबकडीच एक रचना म्हणून बांधायला घेतली. त्याआधी रॉकचा सगळा मामला सुट्या गाण्यांचा. सर्वोत्तम अल्बम कोणता, हे विचारायचं तरी कशाला?

ब्रिटनच्या ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकाने १९७४मध्ये यादी काढली, पहिला बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’. रेडिओ निवेदक पॉल गँबाचिनी यांनी १९७८मध्ये समीक्षकांचा कौल घेतला, पुन्हा तोच. ‘रोलिंग स्टोन’च्या २००३च्या यादीतही तोच, वर पहिल्या दहांत बीटल्सचेच चार अल्बम. आधीच्या याद्या वाचून मोठे झालेलेच पुढच्या यादीला मतं देत होते, असं माझं मत.

२०२०मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने नव्याने मतं मागवली. तीनशेहून जास्त मतदार, त्यांत कलाकार, निर्माते, समीक्षक. सोल गायक मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला, जोनी मिचेलचा ‘ब्लू’ तिसरा आणि ‘सार्जंट पेपर्स’ थेट २४वा. अल्बम होते तेच होते, परीक्षक बदलले. विक्रीला इथे कुणी विचारत नाही. नाहीतर १९७३ ते १९८८ या काळात ‘बिलबोर्ड’ मासिकाच्या खपाच्या तक्त्यावर ७४१ आठवडे काढणारा ‘डार्क साइड’ एवढा खाली कसा असता?

बडोदेकरांच्या फ्लॉइडप्रेमाला मात्र एक अगदी व्यवहारी कारणही आहे. हॉस्टेलमध्ये कॅसेटी एकमेकांकडून भरून घ्यायच्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, आणि ‘डार्क साइड’ जेमतेम ४३चा. गाणं मध्येच तुटत नसे. दुसऱ्या बाजूला लेड झेपेलिनचा चौथा अल्बम, तोही तेवढाच. या देवाणघेवाणीत मार्विन गे फारसा नव्हताच. त्यामुळे २०२०ची यादी आली तेव्हा बऱ्याच जणांनी आधी तो शोधून ऐकला आणि मग यादीला शिव्या घालायला बसले.