सुहैली (नौका)

सुहैली : मुंबईत 1963–64 च्या सुमारास बांधलेली सागवानी शिडाची नौका. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी हिच्यातून एकट्याने, वाटेत कोठेही बंदर न घेता, पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी ही पहिलीच सफर. 14 जून 1968 रोजी ते इंग्लंडमधील फाल्मथहून निघाले आणि 22 एप्रिल 1969 रोजी तेथेच परतले. हे 312 दिवस होतात. काही ठिकाणी 313 छापलेले आढळते, ते दोन्ही टोकांचे दिवस धरल्यामुळे.

‘सुहैली’ हे इराणच्या आखातातील एका वाऱ्याचे नाव. नौकेच्या संदर्भात तो आग्नेयेचा सांगतात, तर हवामानाच्या काही कोशांत नैर्ऋत्येचा. अरबीत ‘सुहैल’ म्हणजे अगस्त्य तारा. तो दक्षिणेकडे दिसतो. त्यामुळे ‘दक्षिणेकडचा वारा’ हा मूळ अर्थ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यात दोन्ही दिशा सामावतात.

नौकेचा आराखडा अमेरिकी नौकारचनाकार विल्यम अॅटकिन यांचा. त्याचे मूळ कॉलिन आर्चर यांच्या नॉर्वेतील बचावनौकांमध्ये. लांबी सुमारे 32 फूट, दोन डोलकाठ्या (मागची आखूड), नाळेप्रमाणे (पुढच्या टोकाप्रमाणे) मागची बाजूही निमुळती. मुंबईच्या सुतारांनी वाकस (लाकूड तासायचे हत्यार), रंधा आणि दोरीने फिरवायचा सामता (भोके पाडायचे हत्यार) वापरून ती घडवली.

सफरीच्या आरंभीच तळकण्यालगतच्या (नौकेच्या तळाच्या कण्यालगतच्या) फळीची सांध दोन्ही बाजूंनी गळू लागली. एरवी सांधेत कोरडा कापूस ठासतात. तो व लाकूड पाण्यात फुगून फट मिटते. पण येथे काम भर समुद्रात पाण्याखाली करायचे होते. तेथे भिजलेला कापूस सांधेत टिकत नाही, शिवाय नौका हेलकावली की फट उघडमीट करते. म्हणून कापूस कॅनव्हासच्या पट्टीवर शिवून, डांबर माखून, पट्टी तांब्याच्या बारीक खिळ्यांनी ठोकली व वर तांब्याचा पत्रा मारला. दक्षिण महासागरात नौका आडवी झाली, तेव्हा केबिनचे छप्परही सांध्यांत हलले. पुढे टाकीतले पिण्याचे पाणी नासले, ऑस्ट्रेलियाजवळ स्वयंचलित सुकाणू निकामी झाले. उरलेली वाट मुख्यतः शिडांचा तोल साधून कापली.

नंतर ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली असता तेथील कोरड्या हवेने फळ्या आकसू लागल्या. लाकडी नौकेला पाण्यापेक्षा छपराखालचा कोरडेपणा अधिक बाधतो. शिवाय अशा नौकेतील लोखंडी खिळे-बोल्ट गंजून फुगतात आणि भोवतीचे लाकूड कुजवतात. ते बदलून 2016 मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरवण्यात आली.

भारतात बांधलेली प्रदक्षिणेची आणखी एक नौका म्हणजे गोव्याची ‘म्हादेई’. जिच्यातून भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी 2009–10 मध्ये प्रदक्षिणा केली, ती लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवलेली. बांधणीच्या दृष्टीने वेगळ्या जातीची.