आश्रमशाळेतली मुलं, ओजेटी आणि संमतिपत्रावरची सही : पार्श्वभूमी

सातपुड्यातल्या मुलांवर अभ्यास होणं नवं नाही. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर वर्षानुवर्षं वजनकाटे गेले, दंडघेराच्या पट्ट्या गेल्या, कुपोषणाचे तक्ते भरले गेले. मुलाच्या मनात काय चाललंय हे विचारायला मात्र फारसं कुणी गेलं नाही. राज्यातली चारही जुनी मनोरुग्णालयं (ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी) खानदेशाबाहेरची. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. त्यात १३ ते १७ वयोगटातलं मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं, महानगरांत १३.५ आणि ग्रामीण भागात ६.९. गावाकडची मुलं सुखात आहेत, असा अर्थ त्यातून कुणी काढू नये. ज्याला विचारलंच नाही, त्याचं दुखणं आकड्यात कुठून येणार?

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य पूर्वीपासून आहे. समाजशास्त्र, मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ही वाट खरी मोकळी झाली ती २०२३ पासून. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए.च्या पहिल्या वर्षात ४ श्रेयांकांची ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामातून प्रशिक्षण) आली, एकूण १२० तासांची. मुलांच्या मानसिक आरोग्यातली विषमता अभ्यासायची, तर नंदुरबार-धुळ्याच्या आश्रमशाळा समोरच आहेत. आणि तिथेच संमतीचा प्रश्न उभा राहतो.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला प्रश्नावली द्यायची, तर संमतिपत्रावर सही कुणाची? संशोधनाची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं पालकांची संमती मागतात आणि ७ वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही मागतात. १२ पर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. शाळेची परवानगी लागते ती वेगळी, ती पालकांच्या संमतीची जागा घेत नाही. तरी "आई-वडील ऊसतोडीला गुजरातेत गेलेत, अधीक्षकांची सही चालेल" हे वाक्य या भागात सर्रास ऐकू येतं.

ते का चालू नये, याला इतिहास आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या, आता तेलंगणात असलेल्या खम्मम जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा अभ्यास-प्रकल्प सुरू झाला. त्यात आश्रमशाळांतल्या आदिवासी मुली मोठ्या संख्येनं होत्या. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालात नोंद आहे, की तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ वर नुसते अंगठे. तिथे लस होती, इथे फक्त प्रश्न आहेत, असा युक्तिवाद होतो. तो अपुरा आहे. ओट्यावर मूल बसलंय, चार हातांवर अधीक्षक खुर्ची टाकून बसलेत आणि प्रश्न आहे, "इथे तुला कुणी मारतं का?" ज्याच्या कारभाराबद्दल मूल बोलणार, त्यानंच मुलाच्या वतीनं होकार द्यायचा, हे कोणत्याही नियमात बसवलं तरी चूकच.

दुसरी बाजू हलकी नाही. पालक भेटले नाहीत म्हणून या मुलांना वगळलं, तर स्थलांतरित घरांतली मुलं अभ्यासातून गळतात आणि विषमता मोजायला निघालेला अभ्यासच त्यांना मोजत नाही. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिक समित्यांत मतभेद होतात ते इथे.

पण अडचणीचं मूळ बरंचसं वेळापत्रकात आहे. ओजेटी येते दुसऱ्या सत्रात किंवा त्यानंतरच्या सुटीत. सत्र चालू असतं तेव्हा पालक गुजरातेत बारडोलीकडच्या उसाच्या फडात, आणि उन्हाळी सुटीत आश्रमशाळा रिकाम्या. आई-वडील गावी भेटतात ते पावसाळ्यात, दिवाळीपर्यंत, आणि मधे होळीला. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीसाठी तर लांबलांबून माणसं परततात. संमतीची भेट तेव्हाच, पावरी किंवा भिली बोलणारं माणूस बरोबर घेऊन, पाड्यावर जाऊन करावी. १२० तासांत या फेऱ्यांचे तास धरायला विद्यापीठाची हरकत नसावी. आणि एखादं मूल बोलता बोलता कोसळलं, तर कुठे न्यायचं हे आधीच ठरलेलं हवं. २०२२ पासून १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, पण ज्या पाड्यावर फोनला रेंज नाही तिथे तिचा उपयोग नाही. तिथे जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाशी आधी बोलून ठेवलेलं नसेल, तर प्रश्नावली बाहेर काढू नये.