ट्रेक की अभ्यासयात्रा? हिमालयात पायी जाण्याच्या दोन रीती

नाताळच्या सुट्टीआधी पुण्या-नाशिकच्या शाळा-कॉलेजांत एक पत्रक हमखास फिरतं. वर बर्फाच्या शिखराचा फोटो, खाली ठळक अक्षरांत ‘हिमालय अभ्यासयात्रा’, आणि त्याखाली कार्यक्रम: पहिल्या दिवशी सांकरी, मग जुडा का तालाब, मग बेस कॅम्प, त्यानंतर पहाटे अंधारात निघून केदारकांठा, उंची १२,५०० फूट. हा ट्रेक आहे. पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्यालाही झेपणारा, चांगला ट्रेक. मात्र त्यात अभ्यास कशाचा करायचा, ते पत्रकात कुठंच सापडत नाही. पालक विचारतात, ‘दोन्हींत पायीच तर चालायचं, मग फरक तो काय?’ फरक बराच आहे, आणि तो ओळखता आला नाही तर मुलांचे पैसेही जातात आणि हिमालयही हातचा जातो.

ट्रेकची आखणी उंचीच्या हिशेबानं होते. रोज किती फूट चढायचं, कुठल्या मुक्कामी शरीराला विरळ हवेची सवय करू द्यायची, हवा बिघडली तर कुठून मागं फिरायचं, हे सगळं आधी ठरलेलं असतं आणि तसंच असायला हवं. साधारण ८,००० फुटांच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. तिथं वाटाड्याचा शब्द शेवटचा. उत्तरकाशीला १९६५ साली नेहरू गिर्यारोहण संस्था उभी राहिली ती हीच शिस्त शिकवायला. ट्रेकनं जे मिळतं त्याला कमी लेखायचं माझ्या मनात अजिबात नाही. आपल्या दमसासाची खरी ओळख आणि दोरीला धरलेल्या सोबत्यावरचा विश्वास वर्गात बसून शिकता येत नाही.

पण ट्रेकची वाट माणसांच्या पट्ट्यातून भराभर वर निघून जाते. उत्तराखंडातली बहुतेक डोंगरी गावं तीन ते सात हजार फुटांच्या दरम्यान आहेत. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, बांजची (ओकची) जंगलं, नौले म्हणजे दगडांनी बांधून घेतलेले झरे, शाळा आणि देवळं सगळी याच पट्ट्यात. ट्रेकवाले हा पट्टा गाडीत बसून ओलांडतात, तोही वळणांनी पोट ढवळत असताना, डोळे मिटून. अभ्यासयात्रा सुरू होते ती नेमकी इथं.

तिचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अस्कोट–आराकोट अभियान. २५ मे १९७४ ला चार तरुण उत्तराखंडच्या पूर्व टोकाला, नेपाळच्या सीमेजवळच्या अस्कोटहून पश्चिमेकडे चालत निघाले. शेखर पाठक आणि शमशेर सिंह बिष्ट कुमाऊंचे, कुंवर प्रसून आणि प्रताप शिखर गढवालचे. प्रेरणा चिपकोच्या सुंदरलाल बहुगुणांची. दिवस निवडला होता श्रीदेव सुमन यांच्या जयंतीचा. टिहरी संस्थानाच्या तुरुंगात ८४ दिवस उपोषण करून १९४४ साली ज्यांनी प्राण ठेवला, ते सुमन. मुक्काम गाठायचा होता हिमाचलच्या सीमेवरचं आराकोट. खिशात पैसे ठेवायचे नाहीत, गावात जे मिळेल ते खायचं आणि गावातच झोपायचं, असा नेम.

हा नेम वाचताना मला आपली माणसं आठवतात. विनोबांनी १९५१ साली पोचमपल्लीहून भूदानाची पदयात्रा सुरू केली. बहुगुणा आणि कौसानीच्या लक्ष्मी आश्रमाच्या सरला बहन त्याच सर्वोदयी परंपरेतले. रायगडातल्या गागोद्यात जन्मलेल्या माणसानं घालून दिलेली चालण्याची रीत अशी कुमाऊं-गढवालच्या पोरांपर्यंत पोचली.

अभियानाची खरी थोरवी मात्र एका फेरीत दिसत नाही. १९७४ नंतर १९८४, १९९४, २००४, २०१४ आणि २०२४, अशी दर दहा वर्षांनी ही यात्रा निघत आली. पुढच्या फेऱ्यांची सुरुवात अस्कोटच्याही पलीकडच्या पांगूहून होऊ लागली. सुमारे ११५० किलोमीटर, साडेतीनशेच्या आसपास गावं, पंचेचाळीस दिवस. नैनीतालची ‘पहाड’ ही संस्था हे काम सांभाळते. त्याच गावात, त्याच ऋतूत दहा वर्षांनी परत जायचं आणि विचारायचं: शाळेत मुलं किती उरली? धारेला, म्हणजे गावच्या झऱ्याला, पाणी येतं का? कुणाच्या दाराला कुलूप लागलं? राज्याच्या पलायन (म्हणजे स्थलांतर) आयोगानं २०१८ साली सांगितलं की २०११ नंतर उत्तराखंडातली ७३४ गावं निर्मनुष्य झाली. हा आकडा आपण वाचतो आणि पान उलटतो. दहा वर्षांपूर्वी ज्या अंगणात जेवलो त्या अंगणात कमरेएवढं गवत बघणाऱ्याला पान उलटता येत नाही. शिखराची उंची दहा वर्षांनी तीच असते, म्हणून ट्रेकला परत जाण्याची गरज पडत नाही.

दोन्ही रीतींनी एकाच गावात शिरून बघू. चमोली जिल्ह्यात वाण नावाचं गाव आहे. रूपकुंडकडे जाणाऱ्यांना ते शेवटचं गाव म्हणून माहीत. वाण, मग आली-बेदनीचे बुग्याल म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं, मग वर १६,००० फुटांच्या पुढं रूपकुंड, माणसांच्या हाडांचं तळं, असा तो क्रम. ट्रेकवाला वाणला पोचतो तेव्हा त्याचं मन बेदनीला पोचलेलं असतं. लाटू देवतेच्या देवळाच्या बंद दाराचा एक फोटो, एक चहा, आणि पुढं. ते दार बंद का, हे विचारायला थांबलं तर गाव उलगडतं. लाटू हा नंदादेवीचा भाऊ मानतात. देऊळ वर्षातून एकदा उघडतं, आणि तेव्हाही पुजारी डोळ्यांवर-तोंडावर पट्टी बांधून आत जातो. नंदा ही इथली माहेरवाशीण. साधारण दर बारा वर्षांनी निघणाऱ्या राजजात या यात्रेत नौटीहून होमकुंडापर्यंत तिची सासरी पाठवणी होते, चार शिंगांचा मेंढा पुढं असतो, आणि वाणच्या पुढची वाट भाऊ दाखवतो. भाऊ बहिणीला सासरी पोचवायला निघतो आणि सगळा मुलूख रडतो, हे ज्या मराठी घरात भाऊबीज होते तिथं समजावून सांगावं लागणार नाही.

याच वाणला आणखी एक प्रश्न विचारता येतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. तंबू, प्लास्टिक आणि माणसांच्या गर्दीखाली गवत मरत होतं, हे खरंच होतं. पण खेचरवाला, गाइड, खानावळवाला यांचं काय झालं? ट्रेक करणाऱ्याच्या लेखी ही बातमी ‘रूपकुंड बंद’ एवढीच. अभ्यासयात्रेत दोन दिवस याच प्रश्नावर घालवता येतील, आणि घालवावेत.

जंगलाचंही तसंच. चीडच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांतून जाणारी वाट फोटोत फार देखणी दिसते. गवत कापून आणणाऱ्या घस्यारींना विचारा, त्या चीडला नावं ठेवतील. त्याच्या वाळल्या सुया, म्हणजे पिरूल, उन्हाळ्यात पेट घेतो, खाली गवत धड उगवत नाही. त्यांना हवा बांज. तो पाणी धरतो, गुरांना पाला देतो, चुलीला लाकूड देतो. इंग्रजांना मात्र लिशासाठी (राळेसाठी) आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी चीड हवा होता. त्यांनी जंगलं राखीव केली, लोक चिडले, १९२१ मध्ये कुमाऊंची जंगलं पेटली, आणि १९३१ पासून वनपंचायती आल्या. पुढं १९७३ साली मंडलच्या गावकऱ्यांनी आणि २६ मार्च १९७४ ला रैणी गावात गौरादेवींसोबतच्या बायकांनी झाडं वाचवली, ती या साखळीतली पुढची कडी. ‘चिपको’ आपल्या पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात येतं. बांज आणि चीड यांतला फरक हाताला कळल्याशिवाय तो परिच्छेद पाठच करावा लागतो.

ओझ्याचीही एक गोष्ट आहे. ट्रेकमध्ये सॅक जड झाली की खेचरावर किंवा पोर्टरच्या पाठीवर देता येते, आणि रास्त मजुरी मिळत असेल तर त्यात गैर काही नाही. पण याच डोंगरात एके काळी साहेबांचं सामान फुकट वाहण्याची सक्ती होती, तिला कुली बेगार म्हणत. १९२१ च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या पुढाकारानं गावोगावच्या लोकांनी कुलींच्या नोंदवह्या शरयूत बुडवल्या आणि ती प्रथा संपली. आपण तिळगूळ वाटतो त्या दिवशी. बागेश्वरच्या संगमावर बसून हे ऐकलेला मुलगा पोर्टरशी वेगळ्या स्वरात बोलतो, हे मी पाहिलं आहे.

आता खोट्या अभ्यासयात्रांविषयी. मागं एकदा मी एका गटासोबत गेले होते, तिथं ‘सांस्कृतिक रात्र’ होती. शेकोटीभोवती आम्ही खुर्च्यांवर, समोर गावातल्या बायका झोडा नाचताहेत. झोडा हा हात धरून, गोल करून, सगळ्यांनी मिळून नाचायचा नाच. तो बघायला खुर्च्या मांडल्या की तो झोडा राहतच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांतल्याच एका दीदीच्या शेतावर मडुव्याची कापणी चालली होती. मी जाऊन बसले, तेव्हा ती हसून म्हणाली, ‘काल यायचं होतं नाचायला.’ मडुवा म्हणजे आपली नाचणी. तिथल्या गहतची डाळ म्हणजे कोकणातले कुळीथ. अर्धं पीठ, अर्धी डाळ ओळखीची निघाल्यावर गप्पांना तोटा नव्हता.

गाइडच्या तोंडच्या गोष्टींचंही असंच तपासावं लागतं. हर की दूनच्या वाटेवर ओसला गावात देखणं लाकडी देऊळ आहे. बाहेरून येणाऱ्यांना ते ‘दुर्योधनाचं मंदिर’ म्हणून सांगतात, कारण ते ऐकायला चटकदार. गावकरी त्याला सोमेश्वर म्हणतात. ट्रेकमध्ये पहिली गोष्ट पुरते. अभ्यासाला निघालेल्यानं दोन्ही लिहून घ्यावं आणि ती वेगळी का, हेही विचारावं.

म्हणून पत्रक हातात आलं की मी शिखराचं नाव बघत नाही, रोजची ओळ बघते. प्रत्येक दिवसापुढं फक्त फूट आणि किलोमीटर असतील तर तो ट्रेक. मग विचारा की चढाईचा वेग काय, डॉक्टर किंवा प्राथमिक उपचार जाणणारा सोबत आहे का, मागं फिरायचा निर्णय कोण घेणार. ‘शैक्षणिक सहल’ म्हणून मुलांना १२,००० फुटांवर नेणाऱ्यानं यांतल्या एकालाही टाळाटाळ केली तर पाठवू नका. अभ्यासयात्रा असेल तर प्रश्न दुसरे: जेवण कुणाच्या घरी? गावाला त्याचे पैसे थेट मिळतात का? एका गावात किमान दोन रात्री आहेत का? गट किती जणांचा? तीस-चाळीस जण एका वाडीवर उतरले की गावाची ती रात्र त्यांच्यासाठी पाणी भरण्यातच संपते. दहा-बारा बरे. आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांना आपण लिहिलेलं परत वाचून दाखवणार का? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक आयोजक गप्प होतात.

दोन्ही एकाच प्रवासात होतात का? होतात, घाई नसेल तर. मुनस्यारीहून मिलमकडे जाणारी जोहार खोऱ्यातली वाट तशी आहे: वर हिमनदी, आणि वाटेत १९६२ साली तिबेटचा व्यापार बंद पडल्यावर ओस पडत गेलेली दगडी घरं. पण सहा दिवसांत हे बसवू पाहणाऱ्याच्या हाती दोन्हींचं अर्धंमुर्धं लागतं.

वेळ निवडायचीच झाली तर मी नाताळ सोडून दिवाळीची सुट्टी निवडेन. पाऊस सरलेला असतो, मडुवा-झंगोरा कापून घरात येत असतो, हिवाळ्यासाठी गवताच्या गंजी रचणं चाललेलं असतं, म्हणजे हात लावायला काम भरपूर. शिवाय गढवालात दिवाळी एकदा येऊन संपत नाही. अकरा दिवसांनी कार्तिक शुद्ध एकादशीला तिथं इगास बग्वाल असते. पंढरपुरात कार्तिकीची गर्दी असते त्याच संध्याकाळी तिथल्या शेतांत माणसं चीडच्या चोयांची मोळी वेलीला बांधतात, पेटवतात आणि डोक्याभोवती गरगरा फिरवतात. तिला भैलो म्हणतात. पाहुण्याच्या हातातही देतात, फक्त लोकरीचा स्वेटर आधी काढून ठेवायचा.