उकाड्याच्या गावातली लोकर

ठाण्यात स्वेटर कपाटाबाहेर निघतो तो फार तर डिसेंबर-जानेवारीत, तोही पहाटे येऊरला चालायला जाणाऱ्यांचा. पोखरण रस्त्यावर १९२५ पासून रेमंडची लोकर गिरणी होती खरी, पण तिथे ब्लँकेटं आणि सुटाचं कापड निघे. घरातल्या सुयांशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. तरी नौपाड्यातल्या जुन्या घरांत विणकामाची पिशवी हमखास सापडते. म्हणजे इथल्या बायका थंडीसाठी विणत नव्हत्याच.

दोन सुयांवरचं हे काम आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी आणि मुलींच्या शाळांनी रुजवलं. मूळ बरंच जुनं: इजिप्तमध्ये सापडलेले निळे-पांढरे सुती मोजे अकराव्या ते चौदाव्या शतकातले मानतात. १५८९ मध्ये इंग्लंडच्या विल्यम लीने मोजे विणायचं यंत्र काढलं आणि हाताच्या विणीची निकड हळूहळू ओसरू लागली. माझ्या मते तिच्यातल्या कलेला वाव मिळाला तो त्यामुळेच.

१९२७ मध्ये पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर एल्सा स्कियापरेली हिचा काळा स्वेटर गाजला. गळ्याशी पांढरा बो बांधल्यासारखा दिसे, पण तो बांधलेला नव्हे, विणलेलाच. पांढरा धागा काळ्या टाक्यांमागून नेल्यामुळे काळ्यातून मधूनमधून पांढरे ठिपके डोकावत. विणणारी होती पॅरिसमधली एक आर्मेनियन बाई. नाव झालं स्कियापरेलीचं. पुढे साठच्या दशकात अमेरिकेच्या मेरी वॉकर फिलिप्सने अंगात घालायचं सोडून भिंतीवर टांगायला विणलं. १९८८ मध्ये केफ फॅसेटच्या रंगीबेरंगी विणीचं प्रदर्शन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरलं. २००५ मध्ये मॅग्डा सायेगने ह्यूस्टनमधल्या आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला विणलेलं वेष्टण चढवलं, आणि मग जगभर खांब, झाडं, पूल लोकरीत गुंडाळले जाऊ लागले.

आपल्याकडे हे सगळं बाळंतविड्यात मुरलं. अंगडं, टोपडं, मोजे; नमुना मासिकातला किंवा शेजारणीकडून उतरवलेला. पण उरलेल्या पोपटी गुंड्याच्या दोन ओळी टोपड्याच्या कडेला घालायच्या की नाहीत, हे कुठल्याच नमुन्यात नसे. ते ज्या त्या बाईचं. आता लोकर म्हणून मिळतो तो बहुधा ॲक्रिलिकचा धागा. तो धुवायला सोपा आणि रंगांना तोटा नाही. एवढं असून विणकामाच्या प्रदर्शनात टेबलावर गिऱ्हाईक पहिलं विचारतं ते, लोकर किती लागली!