चवथीच्या तोंडावर उघडलेली पैठणी

गोव्यात चवथ जवळ आली की पावसाळाभर कपाटाच्या तळाशी पडून असलेली रेशमी वस्त्रे बाहेर निघतात. गेल्या वर्षी आईच्या पैठणीची घडी उलगडली, तेव्हा पदराच्या मोडीवर बुरशीचे पांढुरके ठिपके दिसले आणि जीव हळहळला.

रेशीम हे प्रथिन आहे. तुतीचा पाला खाऊन वाढलेली अळी कोशासाठी फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचे दोन तंतू एकाच वेळी सोडते आणि सेरिसिन नावाच्या डिंकासारख्या प्रथिनाने ते जोडते. एका कोशातून साधारण एक किलोमीटर लांबीचा अखंड धागा निघतो. साबणाच्या गरम पाण्यात उकळून सेरिसिन काढले की मऊपणा येतो आणि चमक खुलते, कारण उरलेल्या तंतूचा छेद गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखा असतो व त्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश परावर्तित होतो. ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि बाणा म्हणजे आडवा धागा दुसऱ्या रंगाचा असला, की या चमकेतूनच धूपछाव, म्हणजे हलवताच पालटणारा रंग, दिसते.

पैठणीच्या पदरावरचा मोर उलटून पाहावा. तो मागूनही तितकाच नेटका असतो. विणकर प्रत्येक रंगाचा आडवा धागा त्या रंगाच्या सीमेपर्यंतच नेतो, शेजारच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरवतो. त्यामुळे मागे सुटे धागे राहत नाहीत. येवल्यात आणि पैठणला हे काम आजही हातमागावर चालते, आणि त्याला लागणारा वेळ पाहता अशा पदराची हेळसांड मनाला लागते.

रेशीम दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषूनही हाताला ओले लागत नाही. म्हणूनच ते उकाड्यात अंगाला सुखावते, आणि म्हणूनच आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात, घामाच्या वा खळीच्या डागांवर बुरशीला आयते खाद्य व पाणी मिळते. खऱ्या जरीतली चांदी हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे काळवंडते, आणि ओलाव्यात ते लवकर घडते.

ठिपके दिसल्यास वस्त्र सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवावे आणि मगच मऊ ब्रशने हलके झटकावे. कडक उन्हातील अतिनील किरणांनी फायब्रॉइन पिवळे व ठिसूळ होते, तर धुण्याच्या सोड्यातील अल्कलीने त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो, म्हणून सुती कापड बरे. आईची पैठणी आता जुन्या धुवट मलमलीत असते, आणि दर खेपेला घडीची मोड चार बोटे सरकवूनच आम्ही ती ठेवतो.