ब्रिजचे नाव आणि नेटवर्क: एक खुलासा

व्हर्च्युअल मशिनच्या (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांच्या) यजमान सर्व्हरवर ब्रिजचे, म्हणजे त्या मशिनना नेटवर्कशी जोडणाऱ्या आभासी स्विचचे, नाव 'बीआर-शून्य' (br0) असेच हवे, अन्यथा नेटवर्क चालत नाही, असा समज पुण्यातील सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्येही आढळतो. तो स्वाभाविक आहे, कारण बहुतेक उदाहरणांत तेच नाव असते.

परंतु लिनक्सचे कर्नल (त्या कार्यप्रणालीचा गाभा) ब्रिज ओळखते ते निर्मितीच्या वेळी दिलेल्या प्रकारावरून. नाव कमाल 15 बाइटचे असावे आणि त्यात मोकळी जागा, तिरपी रेघ वा कोलन नसावा, ही मुख्य अट. (पुण्याचा लकडी पूल आज लाकडाचा नाही, तरी पूलच आहे.) पडताळण्यासाठी चाचणीच्या यंत्रावर रोमन अक्षरांत 'लकडीपूल' नावाचा ब्रिज तयार करावा आणि 'आयपी लिंक' (ip -d link) या आज्ञेकडे तपशील मागावा, प्रकार ब्रिजच दिसेल. काही व्यवस्थापन सॉफ्टवेअर ठराविक नावे मागतात खरे, पण तो त्यांचा नियम आहे, कर्नलचा नव्हे.